लॉटरीचा पैसा जातो कुठं? केरळचे १२ हजार कोटी, तोरणमाळचा कॅसिनो आणि आपली तिजोरी

मागच्या अंकात राज्याच्या कर्जावर लिहिलं आणि त्यावर जी पत्रं आली, व्हॉट्सॲपवर जे मेसेज आले, त्यातले बरेचसे एकाच गोष्टीवर येऊन थांबले, की नाना, सरकार लॉटरी आणि जुगारातून पैसा का काढत नाही. म्हणून या वेळचा सगळा कॉलम त्याच्यावरच. मी आयुष्यभर कोषागारात बिलं तपासली, त्यामुळे मला सवय एकच, कुणी आकडा सांगितला की आधी विचारायचं हा जमेचा आकडा की शिल्लकीचा. तेवढं सांभाळून घ्या. प्रश्न थोडे आटोपशीर केलेत.

प्रश्न : नाना, केरळ म्हणे वर्षाला १२ हजार कोटींची लॉटरी विकतं. आपल्या महाराष्ट्राची पण लॉटरी आहे ना, मग आपल्याला का जमत नाही? लाडकी बहीण, कर्जमाफी सगळं त्यातूनच निघून जाईल. – एक केळी उत्पादक, यावल

भाऊ, लॉटरी आपली पण जुनी आहे, १२ एप्रिल १९६९ ला सुरू झाली, वित्त विभागाच्या हाताखाली चालते, ऑफिस वाशीला. केरळनं आपल्या आधी सुरू केली, १९६७ मध्ये, पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ ला, तिकीट एक रुपयाचं आणि पहिलं बक्षीस ५० हजार. आता त्यांची विक्री अलीकडच्या वर्षांत खरोखर १२ हजार कोटींच्या आसपास जाते, ते खोटं नाही. पण तो विक्रीचा आकडा आहे हो, कमाईचा नाही. तुम्ही केळीची गाडी भरून दिल्लीला पाठवली आणि बिल दोन लाखाचं झालं तर तुम्ही घरी दोन लाख कमावले असं सांगता का? खत, मजुरी, भाडं, अडत हे सगळं वजा करूनच सांगता.

लॉटरीत तर बक्षिसाचा पैसा हाच सगळ्यात मोठा खर्च आणि तो तिकीट विकत घेणाऱ्यांना परत द्यावाच लागतो, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात तिकीट कोण घेणार. राज्याच्या बजेटची पुस्तकं असतात त्यात जमेच्या बाजूला ००७५ नावाचं लेखाशीर्ष असतं, संकीर्ण सर्वसाधारण सेवा, त्यात १०३ खाली राज्य लॉटरी. तिकडं सगळी विक्री जमा धरतात. आणि खर्चाच्या पुस्तकात २०७५ उघडलं की परत १०३ खाली राज्य लॉटरी, तिथं बक्षिसं, कमिशन, छपाई, जाहिरात. दोन वेगळी पुस्तकं, मध्ये शंभर-दोनशे पानांचं अंतर, त्यामुळे जो फक्त पहिलं पुस्तक बघतो त्याला वाटतं केरळच्या करेतर (कर सोडून बाकीच्या) महसुलात निम्म्याहून जास्त वाटा लॉटरीचा, अरे वा. वाटा आहे, पण पुस्तकातला.

आता हिशेब घालू. १०० रुपयांचं तिकीट धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर जीएसटी ४० टक्के झालाय, आधी २८ होता. तिकिटाच्या किमतीतच कर धरलेला असतो, म्हणजे १०० मधले २८ रुपये ५७ पैसे कराचे, त्यातले निम्मे १४.२९ केंद्राला आणि निम्मे १४.२९ राज्याला. उरले ७१.४३. समजा ५० रुपये बक्षिसांना ठेवले (केरळात याहून जास्त ठेवतात), १७ रुपये एजंट, विक्रेता, छपाई, जाहिरात यांत गेले, तर हातात साडेचार रुपयाच्या आत शिल्लक. म्हणजे राज्याला सगळं मिळून १८-१९ रुपये. केंद्राकडे गेलेल्या १४.२९ मधला ४१ टक्के भाग राज्यांमध्ये वाटला जातो आणि पंधराव्या वित्त आयोगानं त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के ठरवला होता, त्या हिशेबानं आपल्या वाट्याला ३७ पैसे. मोजा आणि खिशात ठेवा.

आता उद्या आपण केरळइतकी, पूर्ण १२ हजार कोटींची लॉटरी विकली असं धरा. माझ्या वरच्या हिशेबानं राज्याच्या हातात साधारण सव्वादोन हजार कोटी. महाराष्ट्राचं २०२५-२६ चं बजेट बघा, महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी धरलेली. त्याच्यात सव्वादोन हजार म्हणजे अर्धा टक्का पण नाही. एकट्या लाडक्या बहिणीला त्या वर्षी ३६ हजार कोटी ठेवलेत, म्हणजे रोजचे जवळपास ९९ कोटी. तुमची सगळी केरळ पॅटर्न लॉटरी त्या योजनेला फक्त २३ दिवस पुरेल. कर्जमाफी तर लांबच राहिली.

आणि केरळची लोकसंख्या साडेतीन कोटींच्या आसपास, म्हणजे लहान लेकरू धरून माणशी वर्षाला साडेतीन हजाराची तिकिटं. चार माणसांच्या घरात तेरा-चौदा हजार. बक्षिसातून काही परत येतं पण ते ज्यांनी घातलं त्यांच्याकडेच येत नाही ना. यावलमधल्या केळी कापणाऱ्या मजुराच्या घरात वर्षाला चौदा हजार लॉटरीत गेले तर तुम्हीच त्याला उचल द्यायला उभे राहाल, सरकार नाही.

प्रश्न : सर, आमच्या शाळेतला शिपाई पगाराच्या दिवशी तिकिटांची चळतच घेऊन येतो, पाठीमागून त्याची बायको ऑफिसात येऊन रडते. सरकार सांगतं लॉटरीचा पैसा लोककल्याणाला जातो. खरंच जातो का? – एक शिक्षिका, अमळनेर

ताई, कायदा बघितला तर लॉटरी (नियमन) अधिनियम १९९८ एवढंच म्हणतो की विक्रीचा पैसा राज्याच्या लोकलेख्यात जमा झाला पाहिजे. तो शाळेला जावा की दवाखान्याला की मंत्र्याच्या गाडीला, त्यावर कायदा गप्प. एकदा तिजोरीत पडला की त्या नोटेवर कुणाचं नाव राहत नाही.

काही राज्यं नाव लावून देतात. केरळनं २०११ मध्ये कारुण्य नावाची लॉटरी काढली, तिच्या पैशातून गरिबांच्या मोठ्या आजारांवर, कॅन्सर, किडनी, हार्ट, उपचाराला मदत दिली आणि खूप लोकांना ती मिळाली, हे मान्य केलं पाहिजे. अमेरिकेत तर राज्यांच्या लॉटऱ्या अशाच सुरू झाल्या, न्यू हॅम्पशायर नावाच्या छोट्या राज्यानं १९६४ मध्ये शाळांच्या नावानं काढली कारण त्यांच्याकडे ना विक्रीकर ना पगारावरचा आयकर, आणि लोकांना कर नको होता. नंतर तिकडच्या अर्थतज्ज्ञांनी हेच दाखवलं की लॉटरीचे पैसे शाळेकडे आले की सरकार आपल्या खिशातून जे द्यायचं ते हळूहळू कमी करतं. शाळेला मिळायचं तेवढंच मिळतं, फक्त आधी श्रीमंताच्या करातून यायचं ते आता तुमच्या शिपायाच्या पगारातून येतं. मला यातलं हेच सगळ्यात जास्त टोचतं, कारण कर असता तर निदान कमाई बघून लावला असता. तिकीट सगळ्यांना एकाच किमतीला, ज्याला बारा हजार पगार त्याला पण आणि ज्याला दीड लाख त्याला पण, आणि दीड लाखवाला घेत नाही.

शिपायाचं म्हणाल तर ताई, त्याच्याशी हिशेब घालत बसू नका, तो हिशेब त्याला तुमच्यापेक्षा जास्त येतो. पगार बायकोच्या खात्यात जमा होईल अशी सोय त्याच्याच सहीनं होते का ते बघा, मुख्याध्यापकांना सांगा, आणि नाद खूपच असेल तर जळगावच्या किंवा धुळ्याच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभागात एकदा घेऊन जा. हा नाद आजार म्हणूनच बघतात आता.

प्रश्न : नाना, मी रोखठोक विचारतो. आमच्याकडे सट्टा सगळीकडे चालतो, लोक आकडा लावतातच, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तर गावंच्या गावं पत्ते खेळतात, रोज पेपरात झन्ना-मन्ना या पत्त्यांच्या जुगाराच्या अड्ड्यावर छापा. मग सरकारनं मटका लायसन देऊन टाकावा ना, काळा पैसा पांढरा होईल, तिजोरी भरेल. पैसा कोठे जास ते तरी समजीन! – एक तरुण वाचक, चोपडा

भो, तुझा प्रश्न मला आवडला कारण तू कापसाच्या गावातून विचारलास. मटक्याचं मूळच कापसात आहे. न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजमध्ये कापसाचा भाव उघडला किती आणि बंद झाला किती हे तारेनं मुंबईच्या कापूस बाजारात यायचं आणि त्या आकड्यांवर मुंबईत पैसे लागायचे. आज आपण ज्याला ओपन आणि क्लोज म्हणतो ते तिथलंच. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव यायचे बंद झाले, मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आकडे इथंच काढायला सुरुवात केली. आपल्याकडचा शेतकरी कापसाचा भाव काय मिळेल म्हणून वर्षभर देव पाण्यात घालून बसतो आणि त्याच भावावर तिकडं लोक पैसे लावत होते, असो.

आता कायद्याचं. जुगार आणि पैज हा घटनेनं राज्याचा विषय केलाय, राज्यसूचीतली ३४ वी नोंद. म्हणजे विधानसभेनं ठरवलं तर परवानगी देता येते, दिल्लीला विचारायची गरज नाही. आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून चालू आहे, तो बदलावा लागेल. पण लॉटरी म्हणून मटका काढता येणार नाही, कारण १९९८ च्या कायद्यात स्पष्ट आहे की एकेरी आकड्यावर बक्षीस असलेली लॉटरी राज्य काढूच शकत नाही. तो नियम मटक्याकडे बघूनच केलाय असं माझं मत.

पण खरी अडचण वेगळी आहे आणि ती कुणी सांगत नाही. मटक्यात एका आकड्याला एक रुपया लावला आणि लागला तर नऊ मिळतात, जोडीला नव्वद. आकडे दहा, जोड्या शंभर. म्हणजे लोकांनी १०० रुपये लावले तर सरासरी ९० लोकांकडेच परत फिरतात, खायवालाकडे, म्हणजे आकडा घेणाऱ्याकडे, १० राहतात. आणि सरकारी लॉटरीत वर बघितलं तसे ५०-६० परत. म्हणजे गिऱ्हाइकाच्या नजरेनं बेकायदा धंदा कायदेशीरपेक्षा स्वस्त आहे, वर उधारी देतो, मोबाईलवर आकडा घेतो, टीडीएस कापत नाही, पॅनकार्ड मागत नाही. आता तू लायसन दिलंस, ४० टक्के जीएसटी लावला, १०० मधले साडेअठ्ठावीस कराचे गेले, तर लायसनवाला नऊ कुठून देणार? त्याला सहा-सव्वासहा द्यावे लागतील. मग लोक जुन्याच माणसाकडे जातील, आणि लायसनवाला पण समोर एक धंदा लायसनचा आणि मागच्या खोलीत दुसरा बिनलायसनचा असं चालवेल. हे मी कल्पनेनं सांगत नाही, ऑनलाइन लॉटरीची सेंटरं गल्लोगल्ली निघाली होती तेव्हा लॉटरीच्या बोर्डाखाली सट्टा घेताना पकडल्याच्या किती बातम्या आपण वाचल्या.

सरकारला मटका मारायचाच असेल तर कर इतका कमी ठेवावा लागेल की तिजोरीत काही पडणारच नाही. आणि तिजोरी भरायची असेल तर कर इतका लागेल की मटका मरणारच नाही. दोन्ही गोष्टी एकदम पाहिजेत असं जो म्हणतो त्याला विचार, भो, नऊ रुपये देणार का.

आखाजीच्या पत्त्यांचं तू लिहिलंस म्हणून सांगतो, त्यात पैसा गावातल्या गावात फिरतो, माझ्या खिशातला तुझ्या खिशात. त्याचं मी समर्थन करत नाही, त्या तीन दिवसांत ट्रॅक्टर गहाण पडलेले बघितलेत. पण तिजोरीला त्यातून शून्य आणि तिजोरीचं नुकसान पण शून्य.

प्रश्न : तोरणमाळला गोव्यासारखा कॅसिनो काढला तर? गुजरात जवळ, मध्य प्रदेश जवळ, तिकडचे पैसेवाले येतील, आदिवासी पोरांना नोकऱ्या मिळतील, नंदुरबार जिल्हा वर येईल. – एक हॉटेल व्यावसायिक, शहादा

साहेब, गंमत बघा, महाराष्ट्रानं कॅसिनोचा कायदा १९७६ मध्येच करून ठेवला होता, नियंत्रण आणि कर दोन्हीचा. गोव्याचा जुगाराचा कायदा पण त्याच वर्षीचा. गोव्यानं पुढं नव्वदच्या दशकात दुरुस्त्या करून पंचतारांकित हॉटेलात मशीन आणि मांडवीत जहाजं आणली, आपला कायदा मात्र विधिमंडळात पास होऊन कधी लागूच झाला नाही. अधूनमधून कुणीतरी कोर्टात जायचं, कायदा आहे तर लागू करा म्हणून. शेवटी २०२३ मध्ये सरकारनं तो रद्दच करून टाकला. तेव्हा आज तरी तुमचा प्लॅन फाईलमध्ये पण बसत नाही.

पण कायद्याचं बाजूला ठेवून फक्त पैशाचं बोलू, कारण तुमच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे. बाहेरचा माणूस बाहेरचा पैसा घेऊन आला तर जिल्ह्याचा फायदा होतो. गोव्याचं गणित त्यावरच उभं आहे, खेळणारा बहुतेक दिल्ली-गुजरात-कर्नाटकातला. पण तो फायदा शेजारी झोपलेला असेपर्यंतच. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात अटलांटिक सिटी नावाचं समुद्रकाठचं गाव आहे, १९७६ मध्ये लोकांनी मत देऊन तिथं कॅसिनोला परवानगी दिली, पहिला १९७८ मध्ये उघडला, करातून म्हाताऱ्यांच्या आणि अपंगांच्या योजना चालल्या. बरीच वर्षं छान. मग शेजारच्या पेन्सिल्व्हेनियानं म्हटलं आमचीच माणसं तुमच्याकडे येतात तर आम्हीच का उघडू नये, त्यांनी २००४ मध्ये कायदा केला. २०१४ या एका वर्षात अटलांटिक सिटीतले चार कॅसिनो बंद पडले आणि २०१६ मध्ये राज्य सरकारला त्या शहराचा कारभार स्वतःच्या हातात घ्यावा लागला कारण नगरपालिकेचं दिवाळं निघायची वेळ आली होती.

आता तोरणमाळवरून खाली बघा. एका बाजूला मध्य प्रदेश, घाट उतरला की गुजरात फार लांब नाही. तुमचा कॅसिनो चालला की चार वर्षात बुऱ्हाणपूरला निघणार नाही कशावरून? आणि मग तुमच्या टेबलावर उरणार कोण, तर शहाद्याचा, तळोद्याचा आणि धडगावचा माणूस. तो कॅसिनोत घालवेल तो पैसा आज तुमच्याच हॉटेलात जेवणावर, दोंडाईच्याच्या मार्केटात मिरचीवर, सारंगखेड्याच्या जत्रेत घोड्यावर घालवतो. त्यावर पण कर लागतोच. कॅसिनोच्या कराचा आकडा पेपरात मोठा छापून येईल पण बाजारातून जो गेला तो कुणी छापणार नाही. नोकरीचं म्हणाल तर आदिवासी पोरांना तिथं दारावर उभं राहायची नोकरी मिळेल हे तुम्हाला पण माहीत आहे आणि मला पण. तोरणमाळला आधी रस्ता आणि नेटवर्क नीट करा, मग बोलू.

प्रश्न : मला एक लाखाचं बक्षीस लागलं तर हातात किती येतील? – भुसावळ

दहा हजाराच्या वर गेलं की ३० टक्के टीडीएस, म्हणजे ३० हजार तिथंच कापतील, उपकर धरून शेवटी कर ३१,२०० होतो. आणि हो, तुमचं बाकी उत्पन्न शून्य असलं तरी सूट नाही, १२ लाखापर्यंत कर नाही म्हणतात ते लॉटरीच्या पैशाला लागत नाही, तिकिटांवर घातलेला खर्च पण वजा करू देत नाहीत. हा आयकर दिल्लीला जातो, राज्याला त्याच्या वाट्यातूनच काय ते. केरळच्या ओणम बंपरचं पहिलं बक्षीस २५ कोटी म्हणतात ना, त्यात आधी १० टक्के एजंटचं कमिशन जातं, मग उरलेल्यावर ३० टक्के, हातात पावणेसोळा कोटी, आणि त्यातून अधिभार आणि उपकर अजून भरायचा असतो. तेवढे मिळाले तर तुम्ही तक्रार करणार नाही म्हणा.

प्रश्न : सर, ऑनलाईन गेमिंग सरकारनं बंद केलं. आमच्या हॉस्टेलवर निम्मी पोरं टीम लावायची, रूममेटनं फीचे पैसे घालवले म्हणून मला बरंच वाटलं. पण न्यूजमध्ये ऐकलं की सरकारचं हजारो कोटींचं नुकसान. मग राज्याला फटका बसला का? – इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, धुळे

बसला. पण किती आणि कसा ते बघ, हे प्रकरण शिकण्यासारखं आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाईन मनी गेमिंगवर पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लावला. आधी कंपन्या फक्त स्वतःच्या कमिशनवर कर भरायच्या. तर केंद्रीय अर्थमंत्र्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी कौन्सिलच्या मीटिंगनंतर सांगितलं की सहा महिन्यात वसुली १,३४९ कोटींवरून ६,९०९ कोटींवर गेली, ४१२ टक्के वाढ. सगळे खूश. जीएसटीतला निम्मा हिस्सा राज्यांचा, म्हणजे राज्यं पण खूश.

आणि पुढच्याच वर्षी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं दोन दिवसात कायदा करून पैशावरचे ऑनलाईन खेळ बंद करून टाकले, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही. तेव्हा सरकारचाच अंदाज होता की ४५ कोटी लोक वर्षाला २० हजार कोटी घालवतात. म्हणजे ज्या पैशावर कौन्सिल वर्षभरापूर्वी टाळ्या वाजवत होतं तोच पैसा नुकसानीच्या रकान्यात गेला. बंद केलं ते चांगलंच केलं असं माझं मत, पण मला त्यातून दिसतं ते हे की असल्या उत्पन्नावर बजेट बांधू नये. शेतसारा, मुद्रांक, पेट्रोलवरचा व्हॅट एका रात्रीत शून्य होत नाही. हे होतं. ज्या राज्यानं गेमिंगच्या जीएसटीवर भरवसा ठेवून एखादी योजना काढली असेल त्यांना तो खड्डा दुसरीकडून भरावा लागला. आणि नुकसान म्हणून जो आकडा सांगतात तो पूर्ण नुकसान नाही, तुझ्या रूममेटचे फीचे पैसे वाचले तर तो ते जाळणार नाही ना, बूट घेईल, जेवेल, त्यावर ५ नाहीतर १८ टक्के जीएसटी येईलच.

प्रश्न : मी जळगावला बस स्टँडजवळ वीस वर्षं लॉटरीची तिकिटं विकतो, त्यावर घर चाललं, मुलगी शिकली. बाहेरच्या राज्यांची तिकिटं इथं येतात त्यानं आपल्या राज्याच्या तिकिटाला गिऱ्हाईक राहिलं नाही. सरकार त्यांची तिकिटं बंद का करत नाही? आणि लॉटरी बंदच झाली तर आमचं काय? – नाव देऊ नये

भाऊ, तुमचं दुकान म्हणजे दोरीला चिमट्यांनी टांगलेली तिकिटं आणि खाली एक स्टूल, त्यातून एक घर उभं राहिलं ही साधी गोष्ट नाही. या कॉलममध्ये मी लॉटरीवर जे बोललो ते विकणाऱ्यावर नाही.

बाहेरच्यांची तिकिटं बंद करायचा अधिकार राज्याला आहे, १९९८ च्या कायद्याचं कलम ५. पण सुप्रीम कोर्टानं १९९९ मध्येच सांगून ठेवलंय की स्वतःची लॉटरी चालवायची आणि दुसऱ्याची बंद करायची हे चालणार नाही, बंद करायची तर सगळ्यांची, स्वतःची सुद्धा. म्हणून तामिळनाडूनं २००३ मध्ये आणि कर्नाटकानं २००७ मध्ये सगळंच बंद केलं. म्हणजे आपली लॉटरी चालू आहे तोवर सिक्कीम, नागालँड, अरुणाचल यांना महाराष्ट्राचं दार उघडं. आणि त्या राज्यांचं बघा, त्यांची लोकसंख्या एवढीशी, तिकडं विकून किती विकणार, ते दुसऱ्यांच्या राज्यात विकूनच चालतात. मधला वितरक सगळं सांभाळतो आणि तो किती मोठा होतो ते २०२४ मध्ये निवडणूक रोख्यांची यादी बाहेर आली तेव्हा सगळ्या देशानं बघितलं, सगळ्यात जास्त रोखे, १,३६८ कोटींचे, लॉटरीवाल्या एका कंपनीनं घेतलेले होते. बाहेरच्या तिकिटावर पण राज्याला काहीच मिळत नाही असं नाही, जीएसटी जिथं माल खपतो तिथं येतो, त्यामुळे जळगावात विकलेल्या नागालँडच्या तिकिटाचा राज्यहिस्सा महाराष्ट्राला येतो. बक्षिसं आणि कमिशन जाऊन जी शिल्लक राहते ती मात्र तिकडं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आधी तर ४० टक्के जीएसटीनं तुमच्या कमिशनवर ताण येणारच, कारण तिकिटाची किंमत वाढवली तर गिऱ्हाईक जातं आणि बक्षीस कमी केलं तरी जातं, मग कात्री विक्रेत्यावर. सरकारनं उद्या बंद केली तर तुमच्यासारख्यांना काही सोय करून द्यावी ही मागणी मी करीन, पण मिळेलच असं सांगून तुम्हाला खोटी आशा लावत नाही. माझं ऐकाल तर दोरी तशीच राहू द्या आणि स्टुलाच्या बाजूला दुसरं काहीतरी सुरू करा. स्टँडवर मोबाईल रिचार्ज, बसच्या रिझर्वेशनचे फॉर्म, पेपर, चार्जर हे खपतं, तुमच्याकडे जागा आणि ओळख आहे, ती सगळ्यात महाग गोष्ट.

आणि तुमची विक्रेत्यांची संघटना असेल तर आमदाराला भेटताना लॉटरी वाढवा किंवा बंद करा असं काही मागू नका. एवढंच मागा की विधानसभेत प्रश्न टाका, राज्य लॉटरीची गेल्या दहा वर्षांची विक्री किती, ००७५ खाली जमा किती, २०७५ खाली बक्षिसं आणि कमिशनसकट खर्च किती, न उचललेली बक्षिसं किती (ती कायद्यानं सरकारचीच होतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं), आणि निव्वळ उरलं किती. वर्षागणिक, एका पानावर. ते पान आलं की मला फोटो काढून पाठवा, पुढचा कॉलम त्याच्यावरच लिहू.

पुढच्या महिन्यात मुद्रांक शुल्क आणि रेडी रेकनर, शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरचे प्रश्न आधीच बरेच आलेत, नवीन पाठवायचे तर गावाचं नाव नक्की टाका.